खापरटेंब

दात घासायच्या ब्रशाने मी खापऱ्या घासते.
रोजचे चारशे रुपये, वर दोनदा चहा.
वहिनी हसते, म्हणते, सुरंगे,
माशांची खवलं काढून कंटाळलीस
म्हणून आता मातीची काढतेस काय?

टेंबावर सुतळीने आखलेले चार खड्डे.
चौथ्यात, माझ्या कमरेपेक्षा खोल,
तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा हातभर थर.
कुणीतरी इथे बसून आमच्यासारखंच कालवण ओरपलं
आणि शिंपले दाराबाहेर भिरकावले.
घाणेकर मॅडमनी ते मोजले, पिशवीत भरले.
मी रोज फेकते, मला कुणी विचारत नाही.

मंगळवारी एक खापरी आली, आतून काळी.
चुलीवरची काजळी समजून घासत सुटले,
तोवर मॅडमनी माझं मनगट धरलं.
डांबर आहे ते. इराकचं.
तिथे जमिनीतून आपोआप वर येतं,
रांजण पाझरू नये म्हणून आतून फासायचे.
त्यांनी वाळूत बोटाने रांजण काढून दाखवला:
लांबडा, बूड नसलेला, मुळ्यासारखा निमुळता,
गलबताच्या पोटात दाटीवाटीने उभा करायचा.
खाली ओहोटी लागली होती.
गलबत कुठवर आलं असेल ते मी नजरेने मोजलं,
पार करंदीच्या जाळ्यांपाशी.

इसाक होडेकर डबा घेऊन आला. आमचा आचारी.
बारा वर्षं इराकात गोऱ्यांच्या छावणीत भात रांधत होता,
असाच टेंब खणत होते ते.
"तल्ल म्हणतात तिकडे. पण आपल्यासारखा चिरा नाही, दगड नाही.
चिखलाच्या विटा, त्या चिखलात पुरलेल्या.
राजाचा वाडा नि उंदराचं बीळ, रंग एकच.
भिंत कुठे संपली ते करणीच्या आवाजावरून ओळखायचं."
एकदा तिथे अर्धी बांगडी निघाली, पांढरी.
साहेब लोक भिंग घेऊन वाद घालत बसले, हाड की दगड.
हा पळी हातात घेऊन मागे उभा.
शंख होता तो. आपल्या दर्याकडचा.
याच्या आजीच्या पेटीत तसला कापलेला तुकडा होता.
"मग सांगितलं नाहीस?"
"आचाऱ्याला कोण विचारतो?
भात मात्र करपला त्या दिवशी."

मग त्याने खापरी उन्हात धरली,
हुंगली, नखाने कड चाचपली,
आणि हसू लागला, खोकला येईपर्यंत.
"हे बघ, मडक्याला चीर होती.
वरून दुसरा बोळा मारलान. डांबर वाचवलान मेल्याने,
आणि गळका रांजण आपल्याला खपवलान!"
मॅडम वाकून बघत राहिल्या.
त्यांच्या वहीत चिरेला जागा होती,
लबाडीला रकाना नव्हता.

आम्हाला यात नवल कसलं?
माझ्या सासऱ्याने होडी विकली
ती फटीत काथ्या कोंबून, वर जाड रंग देऊन.
घेणारा जैतापुरापर्यंत पोचला, नशीब त्याचं.

खापरीवर आकडे घालायचं कामही माझ्याकडे आलं.
आधी बिनरंगी नेलपॉलिश, ते वाळलं की काळी शाई.
उभ्या जन्मात नखांना लावलं नाही,
फुटक्या मडक्यांना लावलं, साडेअकराशे.
इंग्रजी आकडे वहीत बघून गिरवायचे.
एकदा मान अवघडली, डोळ्यांत घाम उतरला,
आणि हात आपल्या शाळेतला सात काढून गेला.
त्याच काळ्या खापरीवर.
तो वाचला गेला सहा म्हणून.

मला कळलं संध्याकाळी, पेट्या बांधताना.
आंब्याच्याच पेट्या, आत पेंढा,
वर अजून कुणाच्या तरी बागेचं नाव.
बोलले असते तर सगळी पेटी सोडावी लागली असती,
टेंपोवाला तर हॉर्न वाजवत होता.

खड्डे वाळूने बुजवले. तळाशी प्लास्टिक अंथरलंय,
पुढे कुणी खणलं तर कळावं, आम्ही कुठवर आलो होतो.
पुण्यात कुठल्याशा फडताळात
ती खापरी आता दुसऱ्याच खड्ड्याची म्हणून राहते.

कधी वाटतं, पत्र टाकावं.
मग आठवतो तो बोळा मारणारा,
पडावात रांजण चढवताना
मालकाच्या नजरेला नजर न देणारा.
त्याचं पकडायला इसाक यावा लागला.
माझ्या साताला कोण येतं, बघू.